डीच्या बाहेरची पेनल्टी

कोल्हापुरात फुटबॉल पेठांचा. तालमींच्या नावाने संघ उतरतात आणि अख्खी गल्ली मागे येते. तिथे मी काही वर्षं पंचगिरी करतो. त्यातल्या एका पेनल्टीबद्दल सांगायचं आहे.

उपांत्य सामना होता. 1-1 बरोबरी, दहा मिनिटं उरलेली. उजवीकडून फॉरवर्ड घुसला. बॅकने घसरत पाय घातला आणि फॉरवर्ड डीच्या, म्हणजे पेनल्टी एरियाच्या, आत पडला. मी पंचवीसेक मीटर मागे होतो, मध्ये दोन खेळाडू. पाय कुठे लागला ते मला दिसलंच नाही. पडलेला खेळाडू दिसला आणि मी पेनल्टी दिली.

आठ-दहा जणांनी घेरलं. एक पोरगा मोबाइल घेऊन थेट मैदानात आला. "बघा की सर, भाईरच लागलाय!" मी बघितलं नाही, आणि तेवढं बरोबर केलं. ज्या स्पर्धेत व्हीएआर (व्हिडिओ पंच) रीतसर मंजूर असतं तिथेच पंचाला चित्रण बघून निर्णय बदलता येतो. कुणाच्या मोबाइलवरून नाही. पण पोटात गोळा आला होता. पेनल्टीवर गोल झाला. बॅकचा संघ 2-1 हरला.

रात्री तीच क्लिप व्हॉट्सॲपवर आली. पाय रेषेच्या हातभर बाहेर लागला होता. रेष डीतच धरतात, म्हणजे रेषेवर लागला असता तरी पेनल्टी होती. पण हा सरळ बाहेर होता. फ्री किकच द्यायला हवी होती. त्या रात्री जेवण गेलं नाही.

क्लिपच्या कडेला माझा लाइन्समन दिसत होता. झेंडा वर करून जागीच उभा. फाउल आत असेल तर त्याने कॉर्नरच्या झेंड्याकडे चालू लागायचं, असं सामन्याआधीच आमचं ठरलं होतं. मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. हे मला सगळ्यात जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी एका ज्येष्ठ पंचांनी ती क्लिप माझ्यासोबत बसून पाहिली. पाय कुठे लागला हे स्लो मोशनमध्ये बघायचं, पण किती जोरात लागला हे नेहमीच्या वेगानेच, हे त्यांनी शिकवलं. स्लोमध्ये साधा धक्काही मुद्दाम मारल्यासारखा दिसतो. मग 2018च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचा विषय निघाला. क्रोएशियाच्या पेरिशिचच्या हाताला चेंडू लागला, तेव्हा त्या सामन्याचे पंच पिताना मैदानाच्या कडेच्या पडद्यापाशी गेले, मागे फिरले, पुन्हा जाऊन बघितलं आणि फ्रान्सला पेनल्टी दिली. त्यावर अजून वाद होतात. तरी मला ते पुन्हा मागे जाणं आवडतं.

संध्याकाळी हरलेल्या संघाच्या कोचना भेटून चूक कबूल केली. "आता सांगून काय उपयोग?" म्हणाले. माझ्याकडे उत्तर नव्हतं. चहा मात्र त्यांनीच पाजला.

आता डीजवळ फाउल झाला की आधी लाइन्समनकडे बघतो, मग शिट्टी. दोन सेकंद जातात, जाऊ देत. आणि क्लिप काढणाऱ्या पोरांनो, मोबाइल घेऊन मैदानात येऊ नका. सामना संपल्यावर ती क्लिप पंचांना नक्की पाठवा.