नातीचे स्पॅनिश

आमची धाकटी नात पुण्यास महाविद्यालयात स्पॅनिश शिकते. गेल्या वर्षी सहा महिने स्पेनातील सालामान्का येथे राहून शिकण्याची संधी तिला मिळाली, तेव्हा घरात पुष्कळ खल झाला. मी मात्र प्रथमपासून अनुकूल होतो. तेथील विद्यापीठ १२१८ सालचे. शिवाय नेब्रिहा नामक पंडिताने स्पॅनिश भाषेचे पहिले छापील व्याकरण १४९२ मध्ये याच गावी प्रसिद्ध केले. पस्तीस वर्षे संस्कृत शिकविलेल्या माणसास आपली नात व्याकरणाच्या माहेरी जाते याचा आनंद का होऊ नये? क्रियापदांची रूपे तर मीच तिच्याकडून रामरक्षेसारखी घोकून घेतली होती.

पहिल्याच आठवड्यात तिचा टेलिफोन आला. आवाज अगदी बारीक. "आजोबा, इथे मी मुकी आहे हो. घरी मी थट्टा करते, भांडते. इथे नुसते 'हो' आणि 'आभारी आहे'. सगळ्यांना मी मंद वाटते."

मी वरमलो. माझ्या कित्येक विद्यार्थ्यांनी शंभरांपैकी नव्वद गुण मिळविले. पण तहान लागली असता त्यांतील एकाला तरी संस्कृतात पाणी मागता आले असते काय, याची मला शंकाच आहे.

स्पॅनिशमध्ये 'असणे' या अर्थाची दोन क्रियापदे आहेत. 'सेर' स्थूलमानाने स्वभाव सांगते, 'एस्तार' अवस्था. 'एस्तार' हे आपल्या 'स्था' धातूचे भावंड आणि 'सेर'चे 'एस' हे रूप 'अस्ति'चे, हे मी तिला मोठ्या ऐटीत समजाविले होते. तरी एका रविवारी, जिच्या घरी ती राहत असे त्या सत्तरीच्या बाईंपाशी ती म्हणाली, "सोय आबुरीदा." म्हणावयाचे होते 'मला कंटाळा आला आहे', झाले 'मी कंटाळवाणी आहे'! बाई हसल्या नाहीत. "एस्तोय", एवढेच सुधारून त्यांनी तिला जवळ बसवून घेतले.

तिकडे दुपारचे जेवण दोननंतर, आणि ते संपले तरी कोणी उठत नाही. त्या गप्पांच्या बैठकीला 'सोब्रेमेसा' असे स्वतंत्र नावच आहे. (आपल्याकडे हात वाळेपर्यंत बसणाऱ्यास घरची माणसे उठवितात!) त्या बैठकीत घोकलेली रूपे हळूहळू तिच्या जिभेवर येऊ लागली. चौथ्या महिन्यात तिच्या एका विनोदावर सारे टेबल हसले. ती वार्ता आम्हांस त्याच दिवशी दिवेलागणीनंतर समजली.

आता मुद्द्याची गोष्ट. स्पॅनिशमध्येही 'तू' आहे, उच्चारही आपलाच. आदरार्थी 'उस्तेद' निराळे. प्रारंभी ती बाईंना 'उस्तेद' म्हणे, पण त्यांना ते परकेपणाचे वाटले. त्यांनी आग्रहाने 'तू' म्हणावयास लाविले. आमच्या घरी आईला, आजीला 'तू' आणि वडीलधाऱ्या पुरुषांस 'तुम्ही' हा परिपाठ. एके रात्री टेलिफोनवर ती सहज म्हणाली, "आजोबा, तू जेवलास का?"

सूनबाई खाकरल्या. तिकडे नातीने जीभ चावली असावी. "चुकले, तुम्ही," ती घाईने म्हणाली. माझी थोरली बहीण वारली त्याला अकरा वर्षे झाली. तेव्हापासून मला कोणी 'तू' म्हटले नव्हते. "जेवलो," एवढेच मला बोलवले.

परतल्यावर ती पुन्हा 'तुम्ही' म्हणते. मात्र दुपारी जेवण झाले तरी माझ्याजवळून उठत नाही, आणि मधूनच स्पॅनिश बोलू लागते. त्या भाषेत ती मला 'तू' म्हणते.