बारा मीटरांचा फरक

11 जून, मंगळवार. अंबरनाथ

काल रात्रीच्या पावसात नेवाळीच्या अलीकडे एक गाडी खड्ड्यात आपटली आणि तिचा पुढचा डावा टायर बाजूने फाटला. सकाळी ती आमच्या दारात होती. एएमजी ए 35 सेडान, चाकणला जोडलेली, 2021 मध्ये बाजारात आलेली. दोन लिटरचं टर्बो इंजिन, 306 हॉर्सपॉवर, 400 न्यूटन मीटर टॉर्क आणि जोर चारही चाकांना. एवढी तापट गाडी आपल्या लिफ्टवर येईल असं कधी वाटलं नव्हतं.

मालक उल्हासनगरचे कापडाचे व्यापारी. "एकच टायर टाका, बाकीचे तीन चालतात की," म्हणाले. गेज लावून पाहिलं तर त्या तिघांवर साडेतीन मिलिमीटर नक्षी उरली होती. नव्यावर साडेसात असते. मला हो म्हणवेना. उद्या सांगतो म्हटलं.

12 जून, बुधवार

भाचा डिप्लोमाला आहे, त्याला मुद्दाम बोलावलं. गाडी वर घेऊन खालून दाखवली. इंजिन पुढे आडवं. गिअरबॉक्सपासून एक लांब शाफ्ट मधून मागे जातो आणि मागच्या डिफरन्शियलपाशी क्लचच्या प्लेटांचा गठ्ठा बसवलेला. एक छोटी मोटर त्या प्लेटा आवळते. त्या मोकळ्या असतील तर सगळा जोर पुढच्या चाकांना. आवळल्या की निम्म्यापर्यंत मागे.

"मामा, पुढच्याच चाकांनी काय बिघडलं असतं?" त्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. 2004 च्या ऑक्टाव्हिया आरएसला पुढचीच चाकं चालवत, पण तिथे 150 हॉर्सपॉवर होती. ही गाडी 4.8 सेकंदांत शंभरचा वेग गाठते. एवढ्या जोरात सुटताना वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात आणि जागीच फिरू लागतात. वजन मागे गेलं तर जोरही तिथेच न्यायला हवा. ते काम त्या प्लेटा करतात.

टर्बोचं मात्र त्याला जास्त नवल वाटलं. एक आणि चार नंबरच्या सिलिंडरचा धूर एका वाटेने, दोन आणि तीनचा दुसऱ्या वाटेने टर्बाइनवर येतो. एकाचा धक्का दुसऱ्याला मारत नाही, म्हणून कमी फेऱ्यांवरही टर्बो लवकर जागा होतो. हे आखणाऱ्याला मनापासून नमस्कार.

13 जून, गुरुवार

शेठना कागदावर हिशोब मांडून दाखवला. चाकाचा घेर दोन मीटर धरला. त्रिज्येत चार मिलिमीटरचा फरक म्हणजे एका फेरीत पंचवीस मिलिमीटर. किलोमीटरला पाचशे फेऱ्या, म्हणजे साडेबारा मीटर. पुढे एकच नवा टायर टाकला तर त्यातला निम्मा फरक मागच्या क्लचवर येतो. "मग पुढचे दोन्ही बदलतो," ते म्हणाले. तसं केलं तर अख्खे बारा मीटर. प्लेटा मोकळ्या असताना ते चालून जातं, पण ओल्या रस्त्यावर, नेमक्या गरजेच्या वेळी, त्या आवळतात. मग प्रत्येक किलोमीटरला बारा मीटर घसटत जायचं आणि तापायचं.

ते बराच वेळ कागदाकडे पाहत होते. मग म्हणाले, "चारही मागवा."

16 जून, रविवार

टायर कालच आले. सकाळी चारही बसवले, अलाइनमेंट केली. दुपारी पावसातच बदलापूरच्या दिशेने निघालो. शेठ चालवत होते, मी शेजारी, भाचा मागे. एका ओल्या चढावर त्यांनी सावकाश पाय दिला. पुढची चाकं किंचित डगमगली आणि लगेच मागून कुणी हात लावावा तशी गाडी सरळ वर गेली.

"आता बिनधास्त," ते म्हणाले. मी त्यांना तिथेच गाडी बाजूला घ्यायला लावली. ब्रेक दाबल्यावर गाडी कितीही चाकांनी चालो, थांबवायला रबरच लागतं, हे सांगायलाच हवं होतं. साठच्या वेगात, घर्षण कोरड्या डांबरावर 0.8 आणि ओल्यावर 0.5 धरलं, तर ब्रेक लागल्यापासून कोरड्यावर अठरा मीटर, ओल्यावर अठ्ठावीस. लोकलचा निम्मा डबा जास्त. बाईकवाल्यांच्या गर्दीत तो निम्मा डबा कुठून आणणार? परतताना ते चाळिशीच्या वर गेले नाहीत.

संध्याकाळी भाच्याने आपल्या हाताने गेज लावून नोंद केली: पुढचा डावा 7.5, उजवा 7.5, मागचा डावा 7.5, उजवा 7.4. शेवटचा त्याने पुन्हा मोजला. 7.5 निघाला.