क्रँक घ्यावं, पण पारखून!

भांड्यांच्या दुकानात गेलं की आपण पातेलं हातात घेऊन तोलतो, बोटाने वाजवून बघतो, बूड जाड आहे की नाही ते पाहतो. साडीचा पोत दोन बोटांत धरताच कळतो. पण घरात सायकलचा एखादा भाग आणायची वेळ आली की आपण चटकन म्हणतो, "ते तुम्हीच बघा बाई, त्यातलं आम्हाला काय कळतं!" मैत्रिणींनो, त्यातलंही कळतं. गेल्या दिवाळीनंतर मुलीच्या सायकलसाठी मी स्वतः क्रँक निवडलं. त्या खटाटोपात जे समजलं ते तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

क्रँक म्हणजे काय? शेवयाच्या यंत्राचं हॅण्डल डोळ्यांसमोर आणा. आपण ते फिरवतो नि आतला रोलर फिरतो. सायकलला अशी दोन हॅण्डलं असतात, एक उजव्या पायाला आणि एक डाव्या. त्यांच्या टोकाला पायडल असतं. उजव्या दांडीला दात्यांच्या चकत्या असतात, त्यावरून चेन जाते. हा सगळा जोड म्हणजे क्रँकसेट. साध्या काळ्या सायकलला एकच चकती असते, तर डोंगरी सायकलला अनेकदा दोन किंवा तीन. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या हौशी पोरांनी १९७० च्या दशकात जुन्या दणकट सायकली डोंगरावरून पळवायला सुरुवात केली, त्यातून ही जात निघाली. आता ती आमच्या तळेगावच्या गल्लीतही दिसते.

आमच्याकडे ती आली माझ्या मामेभावाकडून. तो नोकरीला पुण्याला गेला नि सायकल माझ्या नववीतल्या लेकीला देऊन गेला. शिकवणीला जाणं, दुकानातून सामान आणणं, रविवारी आजोबांचा डबा शेतावर पोचवणं ही सगळी कामं तिने आनंदाने अंगावर घेतली. सत्याग्रही घाटाकडे आणि महामार्गाकडे जायची मात्र तिला सक्त मनाई आहे. पण शेताच्या वाटेवरही बरा चढ आहे आणि पावसाळ्यात तिथली काळी माती चेनमध्ये अशी बसते, जणू उंडाच भरला आहे.

या पावसाळ्यानंतर सायकल बोलायला लागली. पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला टक्‌, टक्‌! डावी दांडी हलत होती. गावातल्या मिस्त्रीने दोनदा आवळून दिली. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "भोकच वाढलं न बाई. कितीबी आवळली तं चार दिसानं ढिली होईन." त्याचं म्हणणं खरं होतं. ॲल्युमिनियमच्या दांडीत चौकोनी भोक असतं आणि ते पोलादी एक्सलच्या चौकोनी टोकावर घट्ट बसतं. दांडी ढिली असताना सायकल चालवली की पोलाद त्या मऊ धातूला खात जातं, चौकोनाचे कोपरे झिजतात. मग कितीही आवळा, पकड येत नाही.

घरात सभा भरली. आमचे हे म्हणाले, "मोडीत घालू, वर्षभराने बघू." सासूबाई म्हणाल्या, "पोरीच्या सायकलीवर येवढे पैसे कायले घालतं वं? दोन वर्सानं तं ते शिकाले बाहीर जाईन." लेकीने लगेच नागपूरच्या डॉ. अमित समर्थांचं नाव काढलं, २०१७ साली त्यांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' एकट्याने पूर्ण केली म्हणून! मी म्हटलं, "अमेरिका राहू दे, आधी शेताचा चढ बघू."

पण मनात एक गोष्ट सलत होती. शेजारच्या मुलाच्या सायकलची चेन तुटली तेव्हा कुणी सभा भरवली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती दुरुस्त होऊन आली. मुलाची सायकल बिघडली की ती दुकानात जाते, मुलीची बिघडली की भिंतीला टेकते. आणि एकदा टेकली की "आता कशाला एकटी जातेस, बाबा सोडतील" हे आपोआप सुरू होतं. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून कितीतरी तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या. फार चांगलं झालं. पण मिळालेली सायकल चालती ठेवणं हे घराचंच काम. मी अर्धवेळ शिकवून जे चार पैसे मिळवते, त्यातून हा खर्च करायचं ठरवलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण तोंड फिरवून माळ ओढू लागल्या.

दुकानात जाण्यापूर्वी घरीच एक काम करा, चेन मोजा. सायकलच्या चेनच्या एका पिनेपासून दुसरीपर्यंत बरोबर अर्धा इंच असतो. म्हणजे चोवीस कड्या बारा इंचांत बसायला हव्या. शिवणकामाचा टेप ताणला जातो, म्हणून सुताराचा पोलादी टेप घ्या. चोवीसावी पिन बाराच्या खुणेपुढे एक सूत, म्हणजे अष्टमांश इंच गेली असेल, तर चेन ताणली आहेच, पण तिने दातेही झिजवले असणार. अर्धं सूत गेली असेल तर बहुधा नुसती चेन बदलून भागतं. जुनी ताणलेली चेन नव्या क्रँकवर चढवू नका, ती नवे दातेही खाते. आमची चेन चांगली एक सूत पुढे होती!

मग मी अमरावतीला गेले. जुनं क्रँक पिशवीत घालून नेलं, ब्लाउजपीसला मॅचिंग बघायला साडी नेतो तसं. दुकानात मला तीन भावांचा माल दाखवला. चारसहाशेचं पोलादी क्रँक जड होतं आणि त्याच्या चकत्या रिव्हेटने कायमच्या ठोकलेल्या होत्या. मधलं दोन हजारांच्या आसपासचं, दांड्या ॲल्युमिनियमच्या नि चकत्या स्क्रूने बसवलेल्या. तिसरं सहा हजारांपुढचं, पोकळ एक्सलचं. हलकं, देखणं, हातात घेतल्यावर ठेववेना! पण त्याला एक्सलच्या वाट्या वेगळ्या लागतात, त्या आवळायला पानाही वेगळा. तो पाना आमच्या मिस्त्रीकडे नाही. त्याच्यासाठी दर वेळी अमरावती गाठणं कुणाला परवडणार?

पोलादी आणि मधल्यातला खरा फरक स्क्रूत आहे. रिव्हेटच्या क्रँकची एक चकती झिजली की सगळंच फेकायचं. स्क्रूच्या क्रँकची मधली चकती, जी सगळ्यांत जास्त वापरली जाते, तेवढीच बदलता येते. आपण मिक्सरचं एक भांडं फुटलं तर मिक्सर टाकतो का? मी मधलंच घेतलं.

तरी डोळे मिटून नाही घेतलं. दाते मोजले. चकत्या बेचाळीस, चौतीस आणि चोवीसच्या, जुन्या क्रँकवर होत्या तशाच. मागच्या चाकावर चौदापासून अठ्ठावीसपर्यंत दाते आहेत. पुढे चोवीस नि मागे अठ्ठावीस लावले की पायडलच्या एका फेऱ्यात चाक एक फेराही पूर्ण करत नाही, सायकल जेमतेम पावणेदोन मीटर सरकते. म्हणून चढावर गुडघ्याला जोर पडत नाही. बेचाळीस-चौदावर तेच चाक तीन फेरे घेतं, ते सपाट रस्त्यासाठी. छोटी चकती नसलेलं क्रँक स्वस्तात देऊ केलं होतं, ते मी नाकारलं. आम्हाला चढ आहे.

दांडीची लांबी तिच्या आतल्या बाजूला कोरलेली असते. मी १७० मिलिमीटरची घेतली, १७५ ची नाही. दांडी जितकी लांब तितका पाय मोठ्या वर्तुळात फिरतो आणि वर येताना गुडघा जास्त दुमडतो. माझी लेक पाच फूट एक इंच. शिवाय जुन्या एक्सलवर नवं क्रँक नीट बसतं का, चकत्या फ्रेमला घासत नाहीत ना, हे दुकानदाराकडून पाहून घेतलं. आणि आपल्या बायकांसाठी सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे मोठ्या चकतीवरचं प्लॅस्टिकचं कडं. ते असेल तर सलवार चेनमध्ये सहसा जात नाही. ओढणी मात्र बांधायचीच.

बसवताना मी मिस्त्रीजवळ उभी राहिले. जुन्या सायकलची कॉटर पिन हातोडीने ठोकून काढतात, पण हे क्रँक ठोकायचं नसतं, पुलरने ओढून काढायचं. त्याच्याकडे पुलर होता, म्हणून तर त्याच्याकडेच काम दिलं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हेही तेव्हा कळलं. चालवताना ते आपोआप सुटू नये म्हणून ही युक्ती, आणि तिचं श्रेय विमानवाल्या राईट बंधूंना देतात. ते मुळात सायकलवालेच!

आता शेवटची सूचना. नवं क्रँक बसवल्यावर पहिल्या आठवड्यात पुन्हा एकदा बोल्ट आवळून घ्या आणि नंतरही कधी टक्‌-टक्‌ ऐकू आली तर त्याच दिवशी आवळा. महिन्यातून दोनदा जुन्या टूथब्रशने चेन घासा, कोरडी पुसा, तेलाचे थेंब टाका नि वरचं तेल पुसून घ्या, नाहीतर धूळ चिकटते. हे काम मी लेकीवरच सोपवलं आहे. ज्याची सायकल त्याचे हात काळे!

क्रँक आणि चेन मिळून अडीच हजारांच्या आत काम झालं. चांगल्या साडीचे पैसे. परवा सासूबाईंनीच नातीला हाक मारली, "जाय वं माय, आबाचा डबा थंडा होते. सायकल काढ."