विद्यापीठप्रमुखाची पारख

विद्यापीठाला नवा प्रमुख मिळाला की वर्तमानपत्रांत त्याच्या पदव्या आणि शोधनिबंध मोजले जातात. विद्यापीठांच्या कारभाराची अभ्यासक म्हणून मी दोन गोष्टी पाहते. त्याने पैसा आधी कुणासाठी मोकळा केला? आणि संस्थेला अडचणीत आणणारा प्रश्न विचारायची मुभा दिली का? या दोन्ही कसोट्यांवर अमेरिकेतील रूथ सिमन्स यांची कारकीर्द मला फार मोलाची वाटते.

त्यांचा जन्म १९४५चा, टेक्सासमधल्या ग्रेपलँडचा. आईवडील दुसऱ्याच्या शेतात वाट्याने राबत. बारा भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या डिलार्ड विद्यापीठात त्या शिष्यवृत्तीवर शिकल्या आणि १९७३मध्ये त्यांनी हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली. विषय होता रोमान्स भाषांचे साहित्य. १९९५मध्ये स्मिथ या मुलींच्या कॉलेजच्या अध्यक्ष झाल्यावर साहित्याच्या या प्राध्यापिकेने तिथे अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम सुरू केला. अमेरिकेतल्या महिला महाविद्यालयांत असा अभ्यासक्रम तोवर नव्हता.

२००१मध्ये त्या ब्राउन विद्यापीठात आल्या. आयव्ही लीग या अमेरिकेतल्या प्रतिष्ठित विद्यापीठांच्या गटातल्या संस्थेचे अध्यक्षपद प्रथमच कृष्णवर्णीय व्यक्तीकडे आले होते. त्यांच्या काळात ब्राउनने अमेरिकी विद्यार्थ्यांना पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश देताना फी भरण्याची ऐपत पाहणे बंद केले. हे वाक्य लिहायला सोपे आहे. पण एकदा ते स्वीकारले की गरजू विद्यार्थ्यांच्या मदतीची रक्कम दरवर्षी उभी करावीच लागते. त्यासाठी सिमन्स यांनी मोठी निधी मोहीम हाती घेतली.

दुसरी कसोटी अधिक कठीण होती. ज्या ब्राउन घराण्याचे नाव विद्यापीठाला आहे, त्या घराण्यातील भावांनी १७६४मध्ये ‘सॅली’ हे जहाज गुलाम आणायला आफ्रिकेला धाडले होते. त्यावर घेतलेल्या १९६ माणसांपैकी किमान १०९ मरण पावली. संस्थेचा गुलामगिरीशी असलेला संबंध शोधण्यासाठी सिमन्स यांनी २००३मध्ये समिती नेमली. तिचा अहवाल २००६मध्ये सर्वांसमोर ठेवला गेला. देणगीदार दुखावतील म्हणून त्यांनी हे काम टाळले नाही. इतिहास शोधणे हेच विद्यापीठाचे काम असेल, तर स्वतःचा इतिहास त्याला वगळता येत नाही.

ब्राउन सोडल्यावर, वयाच्या सत्तरीनंतर, त्यांनी टेक्सासमधल्या प्रेअरी व्ह्यू या कृष्णवर्णीयांच्या सरकारी विद्यापीठाची धुरा घेतली. मानाची उतरंड त्यांनी मानलीच नाही.

महाराष्ट्रात शोध समिती नावे सुचवते आणि कुलपती या नात्याने राज्यपाल पाच वर्षांसाठी कुलगुरू नेमतात. पाच वर्षे थोडी आहेत, म्हणून मूल्यांची चौकशी नेमणुकीआधीच व्हायला हवी. फीअभावी मुलगी परत जाणार असेल तर काय कराल? संस्थेची चूक दाखवणाऱ्या संशोधकाच्या पाठीशी उभे राहाल का? ही उत्तरे उमेदवाराने जाहीरपणे द्यावीत आणि पाच वर्षांनी आपण त्यांचा हिशेब मागावा.