राळ नसलेला गज

1986 सालच्या उन्हाळ्यात दादांनी वाटूरच्या घरात व्हायोलिन आणलं आणि 1988च्या माघापर्यंत त्यातून एकही सूर निघाला नाही. ही पावणेदोन वर्षं आमच्या घरात नंतर कधी कुणी मोजली नाहीत. आईनं मात्र मोजली असणार, हे मला खूप उशिरा कळलं.

वाटूर परतूर तालुक्यात, जालना जिल्ह्यात. बाहेरच्या लोकांना गाव माहीत नसतं, फाटा माहीत असतो. जालन्याहून मंठ्याकडे जाणारी एस.टी. वाटूर फाट्यावर थांबते, लोक चहा पितात, परतूरकडे जाणारे उतरतात, आणि गाडी निघून जाते. दादा, म्हणजे माझे वडील, शाळेत गणित शिकवायचे. घरात संगीत असं नव्हतं. एकादशीला देवळात भजन असायचं, पण तिथं टाळ, पखवाज आणि पेटी. व्हायोलिन आलं ते रेडिओतून. कधी परभणी केंद्र लागायचं, कधी औरंगाबाद. एखादं भावगीत लागलं की दादा गाणाऱ्याकडे लक्ष द्यायचे नाहीत. दोन कडव्यांच्या मधल्या व्हायोलिनकडे त्यांचा कान असायचा. सुधीर फडक्यांना गीतरामायणात साथ करणारे प्रभाकर जोग व्हायोलिनवर अख्खं गाणं शब्दांसकट ऐकू आल्यासारखं वाजवत. त्यांचं वादन लागलं की दादा हातातल्या वह्या खाली ठेवत.

जालन्यात एक ऑर्केस्ट्रा बंद पडला, त्यातलं व्हायोलिन दादांना स्वस्तात मिळालं. त्याच्या गजाचे केस झडून गेले होते, म्हणून नवा गज मुंबईहून व्ही.पी.नं मागवला. तो पावसाळ्याच्या तोंडाशी आला. घोड्याच्या शेपटीचे पांढरेशुभ्र केस, कुणाचा हातसुद्धा न लागलेले. आम्ही दोघी बहिणी आणि आई समोर बसलो. दादांनी स्क्रू फिरवून गज ताणला, तारेवर ठेवला आणि ओढला.

काही नाही. बेसूर वाजलं असतं तर हसलो असतो, किरकिरलं असतं तर कान झाकले असते. पण आवाजच नव्हता. कोरडा तळहात भिंतीवरून फिरवावा तसा ‘सूंऽ’ एवढाच.

दादांनी जोर लावून पाहिला, तारा बदलल्या. जालन्याहून व्हायोलिन शिकवणारं एक पुस्तक आणलं. त्यात बोटं कुठं ठेवायची याची चित्रं होती आणि सुरुवातीला कुठंतरी एक ओळ होती, गजाला रोझिन लावून घ्यावे. रोझिन म्हणजे काय, हे पुस्तकात नव्हतं. दादांनी परतूरच्या औषधाच्या दुकानात विचारलं, तिथं कुणी नाव ऐकलेलं नव्हतं. मग दादांनी गणिताच्या शिक्षकाला शोभेल असं अनुमान काढलं. लावायचं आहे ते केसांना, आणि केसांना माणूस काय लावतो? त्यांनी गजाला खोबरेल तेल चोळलं.

त्यानंतर ‘सूंऽ’सुद्धा बंद झालं.

एका रात्री पाहुणे आले होते. कुणीतरी खुंटीकडे बघून म्हणालं, गुरुजी, वाजवा की काहीतरी. दादांनी वाजवून दाखवायचा प्रयत्न केला. आई भाकऱ्या थापत होती. ती तव्याकडे बघतच म्हणाली, “अहो, वाद्य चांगलंच असेल. तुमच्या हातातच सूर नाही.” सगळे हसले, दादाही हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटीला फडकं गुंडाळलं आणि ती माळ्यावर टाकली. गज मात्र खुंटीलाच राहिला.

सुगीच्या दिवसांत आमच्याकडे नाथजोगी यायचे. भगवी कफनी, हातात किंगरी, तोंडी गोपीचंदाची किंवा भर्तरीची कथा. किंगरीसुद्धा गजानंच वाजते, तिच्या गजाला घुंगरं असतात. 1988च्या माघात एक म्हातारे जोगीबाबा दारात आले. आईनं सुपातून ज्वारी आणली. त्यांचं लक्ष आतल्या खुंटीवर गेलं.

“गुरुजी, त्यो गज कामून टांगलाय?”

“वाजत नाही, बाबा.”

“बगू.”

त्यांनी गज हातात घेतला, केसांवरून अंगठा फिरवला, अंगठ्याचा वास घेतला आणि खाली बसून हसू लागले. “तेल लावलं व्हय? गुरुजी, वंगण गाडीच्या चाकाला. गजाला वंगण लावल्यावर त्यो काय धरंल तारंला? याला राळ कुठंय?”

आपली किंगरी त्यांनी पुढं केली. तिच्या दांडीला बोराएवढा काळपट गोळा चिकटवलेला होता. गातागाता ते मध्येच गज त्याच्यावर घासत, हे आम्ही दरवर्षी बघत होतो. बघत होतो, पण ते कशासाठी, हे कधी विचारलं नव्हतं.

केस आधी रिठ्याच्या पाण्यानं धुवा आणि सावलीत वाळवा, असं बाबांनी सांगितलं. ते मारुतीच्या देवळात मुक्कामाला होते. दुसऱ्या दिवशी आले, गोळ्याचा एक तुकडा दादांना दिला आणि गज कसा घासायचा ते दाखवलं. मुठीपासून टोकापर्यंत, सावकाश, कुठं न थांबता. थांबलं की तिथं राळ जास्त बसते. नवा गज, म्हणून बराच वेळ घासला. मग माळ्यावरून व्हायोलिन काढून दादांनी गज ओढला.

तो आवाज गोड नव्हता. राळ भरड आणि मऊ होती, तार खरखरली. पण तो आवाज होता, घर भरून गेलं. आई ज्वारी निवडत होती. तिचे हात थांबले. ती उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

राळ हा शब्द आपल्याला वर्तमानपत्रातून माहीत असतो, कुणी कुणावर आरोपांची राळ उडवतो. मूळची राळ खेळातली. दशावतारासारख्या लोकनाट्यात मशालीवर चिमूटभर राळेची पूड फेकतात आणि भपकन ज्वाळ उठते. सोनार दागिन्यावर ठोककाम करताना तो राळेच्या मिश्रणात बसवतो. टाचांच्या भेगांना राळेचा मलम लावतात. शब्द एकच, पण झाडं वेगवेगळी, हे दादांना अनुभवानं कळलं. जोगीबाबांचा तुकडा संपल्यावर त्यांनी जालन्याच्या काष्ठौषधीच्या दुकानातून राळ आणली. आपल्याकडची औषधी राळ साल वृक्षाची असते. ती गजावर नीट बसेना. सोनाराकडची आणली, तर तिच्यात विटेची पूड आणि तेल. पुन्हा तेलच.

शेवटी हवी ती वस्तू फाट्यावरच सापडली. रेडिओ दुरुस्त करणारा डाग देताना तापलेली सळई एका पिवळट खड्यात बुडवायचा, धूर निघायचा. ते रोझिनच होतं. चीड किंवा पाइन जातीच्या झाडाला खाच पाडली की चीक गळतो. तो उकळून टर्पेंटाइनची वाफ वेगळी काढली की मागे उरतो तो हा काचेसारखा ठिसूळ पदार्थ. हिमाचल आणि उत्तराखंडातल्या जंगलांत हा चीक गोळा होतो, तिथं त्याला लिसा म्हणतात. दादांनी तो खडा मंद आचेवर वाटीत वितळवला आणि काडेपेटीच्या खणात कागद घालून ओतला. राळ पटकन पेट घेते, म्हणून आई पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभी होती. आपणहून, कुणी न सांगता. थंड झाल्यावर काडेपेटीच्या आकाराची वडी झाली. ती कितीतरी वर्षं पुरली.

पुढे मी औरंगाबादला बी.एस्सी.ला गेले, तिथं व्हायोलिनही रीतसर शिकले, आणि त्या पावणेदोन वर्षांचं भौतिकशास्त्र मला कळलं. गज तारेवरून नुसता सरकत नाही. तो तार पकडतो, आपल्याबरोबर ओढतो, ताण वाढला की तार निसटते आणि पुन्हा पकडली जाते. सेकंदाला 440 कंपनांचा सूर असेल, तर सेकंदाला 440 वेळा पकड आणि 440 वेळा सुटका. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, की डोळ्याला फुगीर दिसणारी तार खरं तर कोन केलेली असते आणि तो कोन तारेवरून धावत असतो. आपल्या सी. व्ही. रामन यांना नोबेल मिळालं ते प्रकाशावरच्या कामासाठी, 1930मध्ये. पण त्याआधी कलकत्त्यात असताना त्यांनी गजानं वाजणाऱ्या तारांचा सखोल अभ्यास केला होता. त्यावरचा त्यांचा ग्रंथ 1918चा. गजाचा दाब आणि वेग नेमका मोजता यावा म्हणून त्यांनी व्हायोलिन वाजवणारं यंत्रही बनवलं होतं.

या सगळ्याच्या मुळाशी राळ आहे. घोड्याच्या केसाला स्वतःची पकड फारशी नसते. स्थिर असताना घट्ट धरायचं आणि घसरू लागताच सोडून द्यायचं, हा राळेचा गुण. तेल उलट करतं, ते धरतच नाही. दादांनी तारेला पकडण्याची एकमेव शक्यता स्वतःच्या हातानं पुसून टाकली होती. आणि ठपका आला तो त्यांच्या हातातल्या सुरावर.

आता दुकानात गेलं की शे-दोनशे रुपयांपासून पुढं हव्या तेवढ्या किमतीच्या वड्या मिळतात. जर्मनीच्या पिरास्त्रोच्या, इंग्लंडच्या हिडर्साइनच्या. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं विचारतात, कुठली घेऊ? मी सांगते, आधी आपलं गाव बघा. मधाच्या रंगाची फिकट राळ साधारणपणे कडक असते, गडद राळ मऊ आणि चिकट. गडद राळ थंड हवेत बरी. मराठवाड्यातल्या मे महिन्यात, पत्र्याच्या घरात, तिचं काय होतं ते मी पाहिलंय. पुण्याहून आणलेली गडद वडी दादांनी एकदा खिडकीत ठेवली होती. संध्याकाळी ती मखमलीच्या कापडात पसरून बसली होती. तेव्हापासून घरात फिकटच. गुळगुळीत नवी वडी बारीक पॉलिश पेपरनं थोडी खरवडून घ्यायची, नाहीतर ती गजाला लागतच नाही. वापरातल्या गजाला चार-पाच वेळा घासली की पुरे. गज तारेवरून घसरतोय असं वाटलं तर कमी पडली, आवाज खरखरला आणि भुकटी उडाली तर जास्त झाली. वाजवून झाल्यावर मऊ फडक्यानं तारा आणि लाकूड पुसायचं, नाहीतर भुकटी पॉलिशला चिकटून बसते. गज सैल करून ठेवायचा. आणि केसांना बोट लावायचं नाही, बोटालाही तेल असतं.

यातलं काहीही अवघड नाही. अवघड एवढंच, की ज्यांना हे येतं ते सांगत नाहीत. लपवतात म्हणून नाही. त्यांना ते सांगण्यासारखं वाटतच नाही. पाककृतीत ‘आधी चूल पेटवा’ असं कुणी लिहीत नाही. व्ही. जी. जोग बिस्मिल्ला खाँसाहेबांबरोबर जुगलबंदी करत होते, तेव्हा ऐकणारा त्यांची सुरावट ऐकत होता. मैफलीआधी गजाला काय लावलं, हे रेडिओवर ऐकू येत नाही.

दादा मोठे वादक झाले नाहीत. चाळिशीला टेकलेल्या माणसाची बोटं उशिरा वळतात. चार भजनं आणि दोन भावगीतं, तीही संथ लयीत, एवढी त्यांची पुंजी. पण वर्गात त्यांच्यात एक बदल झाला, असं त्यांचे जुने विद्यार्थी सांगतात. एका मुलाला अपूर्णांक काही केल्या जमेनात. दादांनी त्याला फळ्यापाशी उभं करून मागं मागं विचारत नेलं, तर कळलं की अपूर्णांकातली आडवी रेघ म्हणजे भागाकार, हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. ‘याच्या डोक्यात गणित नाही’ हे वाक्य त्यानंतर दादांनी वापरलं नाही. पण त्या रात्रीचं आईचं वाक्य त्यांनी कधी काढलं नाही, भांडणातसुद्धा नाही. कदाचित म्हणूनच ते आईच्या मनातून गेलं नाही.

दादा जाऊन आता काही वर्षं झाली. व्हायोलिन माझ्याकडे असतं. मागच्या दिवाळीत ते घेऊन वाटूरला गेले होते. दुपारी पेटी उघडली, तेव्हा आई जवळ येऊन बसली. कोपऱ्यातली काडेपेटी तिनं उचलली. तळाशी राळेचा नखाएवढा तुकडा अजून होता.

“तेव्हा ही नव्हती म्हणून वाजत नव्हतं ना?” तिनं विचारलं. “त्यांच्या हाताचं काही नव्हतं?”

“काही नव्हतं,” मी म्हटलं.

तिनं माझी नवी वडी मागून घेतली. गज मांडीवर आडवा धरला आणि सहाणेवर गंध उगाळावं तशी ती राळ घासत राहिली. मुठीपासून टोकापर्यंत, टोकापासून मुठीपर्यंत. मी तिला थांबवलं नाही. मग दादांचं एक भजन वाजवलं. पहिल्याच ओढीला भुकटी उडाली, उन्हाच्या तिरपीत दिसली.

“जास्त झाली का गं?”

“नाही,” मी म्हटलं. ती चहा ठेवायला आत गेल्यावर फडकं घेऊन तारा पुसल्या.