बंब, पण टेक्सासातला

गेल्या महिन्यात मी बारा पाहुण्यांना कडू मांस खायला घातलं. कोणी काही बोललं नाही. "मस्त आहे रे, एकदम स्मोकी!" म्हणत सगळे कोशिंबिरीवर तुटून पडले, तेव्हाच मला कळायला हवं होतं :)

झालं असं, की ऑस्टिनला राहायला आल्यापासून मला बार्बेक्यूचं वेड लागलं. इथला बार्बेक्यू म्हणजे निखाऱ्यांवर कबाब भाजणं नव्हे. एका पेटीत जाळ, शेजारच्या मोठ्या नळकांड्यात मांस, आणि मधून फक्त गरम हवा आणि धूर. 225 ते 275 फॅरनहाइटवर, म्हणजे साधारण 107 ते 135 सेल्सियसवर, दहा-बारा तास. (ब्रिस्केट हे इथलं दैवत, पण गोमांस मी खात नाही. त्यामुळे आपला डुकराचा खांदा.) विकतचा चांगला स्मोकर महाग. शिवाय इंजिनिअरिंगची डिग्री घेतलीये, ती कधीतरी वापरायला नको? म्हणून 55 गॅलनचं, म्हणजे 208 लिटरचं, एक पिंप आणून आडवं केलं आणि त्याला फायरबॉक्स जोडायला घेतला.

इथे माझ्यातला आयटीवाला जागा झाला. लोड किती येईल माहीत नाही? मग सर्व्हर मोठा घ्या! 20 इंच लांब, रुंद, उंच अशी पेटी केली. भरते 131 लिटर. वाटलं, जागा जास्त तर जाळ मोठा, जाळ मोठा तर धूर भरपूर.

धूर भरपूर आला. पांढराशुभ्र, दाट, इंजिनासारखा. मी त्याचे फोटोसुद्धा काढले.

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा चूक कळली. लाकूड जळतं म्हणजे बरंचसं त्यातून निघणारे वायू जळतात. पुरेशी आच आणि पुरेशी हवा मिळाली तर ते जळून जातात आणि धुराड्यातून फिकट निळसर, असून नसल्यासारखा धूर निघतो. चव त्या धुराची. आच किंवा हवा कमी पडली, की तेच वायू न जळता डांबरट थेंब होऊन बाहेर येतात. पांढरा धूर तो, आणि कडवटपणाही त्याचाच. माझ्या पेटीत छोटा जाळ केला तर एवढ्या पत्र्याला तापवण्यातच त्याची शक्ती संपायची. मोठा केला तर पिंप 350 च्या पुढे जायचं, मग मी घाबरून हवेची खिडकी बंद करायचो. जाळ गुदमरायचा. सहा तास मी मांसाला डांबर फासत होतो!

हे सगळं मी आजीला फोनवर रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "अरे, बंबात कधी एवढी लाकडं कोंबतात का? धूर करायला लागला म्हणजे तो वारा मागतोय."

बंब! लहानपणी सुट्टीत गावी गेलो की न्हाणीघरातला तांब्याचा बंब पेटवणं हे माझं काम. मधून उभी नळी, तिच्या तळाशी जाळी, राख खाली पडणार, हवा खालून येणार, वर धुराडं. चार काटक्या आणि नारळाची एक सोडण, की पाच मिनिटांत धूर गायब आणि नुसता घूं घूं आवाज. हाच तर फायरबॉक्स! आणि मी त्याच्यासाठी तीन वीकेंड नेटवर घालवले होते.

मग पेटी पुन्हा केली. पिंपाच्या एक तृतीयांश हा इथला जुना अंदाज, म्हणजे सुमारे 69 लिटर. 16 इंचांचा घन 67 लिटरचा होतो, तो घेतला. पाव इंची पोलाद. रिकामी पेटीच 50 किलोच्या आसपास, उचलताना कंबर आठवली. पण जाड पत्रा एकदा तापला की हवेची झुळूक आली तरी तापमान डगमगत नाही. माझ्याकडे गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा एक तुकडा होता. वेल्डिंग करून देणाऱ्या शेजारच्या काकांनी तो बघताच बाजूला फेकला. तापल्यावर त्यातल्या जस्ताची वाफ होते आणि ती विषारी. जाळी तळापासून चार इंच वर. धुराडं तीनऐवजी चार इंचांचं. आणि हवेची खिडकी कधीही पूर्ण बंद करायची नाही. तापमान खाली आणायचं तर लाकूड कमी घालायचं. इथल्या पोस्ट ओकची मनगटाएवढी वाळकी ढलपी, दर चाळीस मिनिटांनी एक. ऑन-कॉल ड्युटीच म्हणा ना.

हे करताना एक गोष्ट मात्र डोक्यातून जाईना. आमच्या घरात बंबाला धुराडं होतं. स्वयंपाकघरातल्या चुलीला नव्हतं. लाकडं तीच, पेटवणारे हात तेच. अंघोळीच्या पाण्यासाठी कुणीतरी एवढा विचार केला होता, आणि आजी मात्र गॅस येईपर्यंत तीसेक वर्षं फुंकणी घेऊन डोळे पुसत बसली. आज तिला दोन वाक्यं बोलून थांबावं लागतं. डॉक्टर धुराचंच नाव घेतात. मला इतकी वर्षं वाटायचं, चूल म्हटली की धूर असायचाच. चुलीवर एक नळी बसवायला काय लागलं असतं? हे मी फोनवर बोलून गेलो. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "कोणी विचारलंच नाही रे."

परवाच्या शनिवारी पहाटे पाचला नवी पेटी पेटवली. सातला आजीला व्हिडिओ कॉल लावला, कॅमेरा धुराड्यावर धरला. वर आकाश थोडं थरथरत होतं, बाकी काही नाही.

"पेटलाय का नक्की?" आजीने विचारलं.

मी फोन पेटीच्या दाराजवळ नेला. आत घूं घूं चालू होतं.

"हां," ती म्हणाली. "आता पाणी ठेव."