कट म्हणेपर्यंत

मालिकेत वाक्य संपलं तरी चेहरा सोडायचा नसतो. दिग्दर्शक 'होल्ड, होल्ड' म्हणत राहतो आणि आपण तो संशय किंवा ते दुःख जसंच्या तसं धरून ठेवतो, कट म्हणेपर्यंत. संकलक पुढे त्यावर संगीत चढवतो. मग सासूचा चेहरा, नणंदेचा, दारात उभ्या असलेल्या कुणाचा तरी, आणि पुन्हा माझा. नायिका म्हणून मी काही वर्षं हे रोज केलं. सिनेमात आले आणि पहिल्याच आठवड्यात दिसलं, की वाक्य संपतं तिथे मी थांबते. बाकीचं जमत गेलं. हे अजून सुटलेलं नाही.

मालिकेतला अभिनय मोठा असतो, तो कमी केला की सिनेमाचा होतो, असं सगळेच सांगतात. मी कमी केला. आवाज उतरवला, भुवया आवरल्या, श्वास ऐकू येईनासा केला. थांबणं तेवढंच राहिलं, आणि बाकीचं लहान झाल्यामुळे उलट जास्त दिसायला लागलं. एका प्रसंगात नवरा रागावून निघालाय, मी 'जेवून जा' म्हणते आणि पातेल्यावर झाकण ठेवते. एवढंच. कॅमेरा लांब, अंगणात. सिंक साउंड असल्यामुळे त्या झाकणाचा आवाजही हवा होता. 'जेवून जा' म्हटलं की माझा हात झाकणासकट हवेत राहायचा. दिग्दर्शक शांतपणे म्हणाले, "तिला काय वाटतंय ते मला नको. ती काय करतेय तेवढं दाखव." पुन्हा टेक. पुन्हा हात हवेत.

नंतर मी वाक्य संपण्याआधीच पुढची हालचाल सुरू करायला लागले. 'जेवून' म्हणतानाच झाकण उचलायचं. थांबणं गेलं, पण 'जा' हातातून निसटायला लागलं. समोरचा नट म्हणाला, "तू मला थांबवतच नाहीयेस." बरोबर होतं त्याचं. शेवटी कुठला तरी एक टेक ओके झाला. तो कसा झाला ते मला सांगता येत नाही, आणि म्हणूनच पुढच्या प्रसंगात तो माझ्या उपयोगी पडला नाही.

थांबण्याची ही सवय वाईट होती असं मात्र मी म्हणू देणार नाही. अर्ध्या तासाच्या भागात साधारण बावीस मिनिटं मजकूर लागतो, तोही आठवड्याचे सहा दिवस. मेकअप चालू असताना सीन फोनवर येतो, एक मॉनिटर, म्हणजे कॅमेऱ्यासमोरची तालीम, होते आणि थेट टेक. भाग लांबीला कमी पडला तर तो आमच्या रिअ‍ॅक्शननीच भरतात, हे खरंच आहे. पण त्यापलीकडेही एक कारण आहे. मालिका बघणारी बाई त्या वेळी पोळ्या करत असते. ती निम्मी मालिका कानांनी ऐकते आणि आवाज चढला की वळून बघते. ती वळेपर्यंत माझ्या चेहऱ्यावर तो भाव टिकायला हवा. मी तिच्यासाठी थांबत होते. सिनेमाचा प्रेक्षक अंधारात, सगळं सोडून आलेला असतो. त्याच्यासाठी थांबलं तर त्याचा वेळ आपण खातो. हे मला कळतं. शरीराला अजून कळत नाही.

चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' मी या एका कारणासाठी पुन्हा पुन्हा बघते. गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील कोर्टातून निघते, लोकलमध्ये सोबतिणीशी गप्पा मारते, घरी जाऊन स्वयंपाक करते. कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ जात नाही आणि तीही कॅमेऱ्याची वाट बघत नाही. 'पवित्र रिश्ता'तला सुशांत सिंह राजपूत २०१३ मध्ये 'काय पो छे'त दिसला, तेव्हा त्याचा चेहरा असाच सुटा झाला होता. 'कुमकुम भाग्य' करून मृणाल ठाकूर 'लव्ह सोनिया'कडे गेली. ही माणसं वाक्यानंतरच्या त्या दोन सेकंदांत काय करत होती, हे मला त्यांच्या मुलाखतींतून नको आहे. मला ते पडद्यावर शोधायचंय.

आणि मालिकेला नावं ठेवणाऱ्या नाटकवाल्यांबद्दल बोलायलाच हवं. घराचे हप्ते मालिकेवर फेडायचे आणि मुलाखतीत मात्र 'तिथे अभिनय असा नसतोच' म्हणायचं, हे मला सहन होत नाही. दहा मिनिटांत चार पानं पाठ करून, दिवे कुठे आहेत हे न बघता खुणेवर येऊन उभं राहणं त्यांच्यातल्या किती जणांना जमतं? तालमीची सवय असलेल्या माणसाने तालीम न मिळणाऱ्याला हिणवू नये. हल्ली तर निवडही फॉलोअर्स मोजून होते. नव्या मुलींना होल्डही धड येत नाही. त्या फक्त सुंदर दिसत उभ्या राहतात. धरलेल्या चेहऱ्यामागे काहीतरी चालू असावं लागतं. आम्हाला ते ज्येष्ठ नटांनी मेकअप रूममध्ये बसवून शिकवलं होतं. आता मेकअप रूममध्ये जो तो रील करत असतो.

माझा एक अभिमान आहे, तो लपवत नाही. ग्लिसरीनशिवाय, वाक्याच्या नेमक्या शब्दावर, कॅमेऱ्याकडच्या डोळ्यातून मी अश्रू काढू शकते. युनिटमध्ये याचं कौतुक व्हायचं आणि मला ते फार आवडायचं. सिनेमातही एका प्रसंगात मी तसं केलं. क्लोज होता, अश्रू हवा तिथे आला, मीही थांबले नाही, चालत फ्रेमबाहेर गेले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच दोन्ही गोष्टी एकत्र जमल्या होत्या. डबिंग नव्हतं, त्यामुळे पाहायला मिळालं ते थेट तयार सिनेमात. संकलनात तो क्लोज काढून तिथे माझी पाठ ठेवली होती. बाहेर आल्यावर लोक त्या पाठीबद्दलच बोलत होते, एक बाई तर माझा हात धरून रडल्या. मी त्यांना नमस्कार केला. दिग्दर्शकांचं म्हणणं, पाठ जास्त सांगते. असेल. पण तो क्लोज मी मागून घेतलाय, माझ्या फोनमध्ये आहे, आणि तो सिनेमात राहायला हवा होता असं मला अजूनही वाटतं.